चुकीची नोंद

बँकेत नव्याने लागलेल्या प्रत्येक कारकुनाला पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगत असे. खतावणीत आकडा चुकला तर तो ब्लेडने खरवडायचा नाही आणि त्यावर पांढरा रंग फासायचा नाही. खालचा आकडा वाचता येईल अशी एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. चूक होणे हा गुन्हा नव्हे, ती झाकणे हा गुन्हा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हे शेकडो वेळा सांगितले असेल. माझ्या स्वतःच्या एका नोंदीच्या बाबतीत मात्र मी ते पाळले नाही.

१९८९ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका शाखेत मी शेतकी कर्जांचे काम पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांच्याबरोबर मधपेट्यांसाठीही कर्जे दिली जात. अशाच एका कर्जदाराकडे पाऊस ओसरल्यावर मी विनियोग तपासणीला गेलो. कर्ज दहा पेट्यांचे होते. परड्यात पेट्या दहाच होत्या, पण आठांची झाकणे उघडली तर आत काळी पडलेली पोळी आणि मेणकिड्यांची जाळी. माशी औषधालाही नाही. पावसात उपासमार झाली आणि माश्या घर सोडून गेल्या, असे तो माणूस सांगत राहिला. कर्जदाराच्या सबबी ऐकून माझे कान किटले होते. माश्या विकल्या किंवा मुळात आणल्याच नाहीत, अशी माझी खात्री झाली. उरलेल्या दोन पेट्यांत गुणगुण होती. त्या चावण्याच्या भीतीने मी उघडायला लावल्याच नाहीत. विनियोग योग्य नाही, असा शेरा मारून मी अहवाल पाठवला. वसुलीची नोटीस गेली. त्याने म्हैस विकून पैसे भरले.

दोन वर्षांनी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत एक दिवस जाण्याचा योग आला. तिथे कळले, की आपली सातेरी माशी खाणे संपले, मेणकिडा लागला, फार त्रास झाला की वसाहतीसकट घर सोडून निघून जाते. तो तिचा स्वभावच आहे. सह्याद्रीच्या पावसात साखरेचा पाक पाजला नाही तर पेट्या हमखास रिकाम्या होतात. त्या माणसाने मला खरे तेच सांगितले होते. त्याच दिवशी कार्ल फॉन फ्रिश हे नाव मी पहिल्यांदा ऐकले. मधमाशीला प्रश्न विचारून तिच्याकडून उत्तर मिळवणारा शास्त्रज्ञ, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. पुढे त्यांची पुस्तके इंग्रजीतून मिळवून वाचली. त्यांच्या शोधाने मी थक्क झालो हे खरे. पण मला बांधून ठेवले ते त्यांच्या एका दुरुस्तीने.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्नात झाला. वडील नावाजलेले शल्यविशारद. आईचे एक्सनर घराणे म्हणजे प्राध्यापकांचे घराणे. चार भावांत कार्ल धाकटा. ऑस्ट्रियातल्या वोल्फगांग सरोवराच्या काठी, ब्रुनविंकल नावाच्या जागी या कुटुंबाने एक जुनी पाणचक्की घेतली होती. सुटी लागली की सगळे तिथे. या धाकट्याच्या खोलीत मासे, सरडे, किडे, पक्षी यांचा बाजार भरलेला असे. सरोवराच्या काठी पालथे पडून तासन्‌तास पाण्यात पाहत राहायचे, ही त्याची करमणूक. खूप वेळ न हलता पाहिले की घाईत जाणाऱ्याला जे कधीच दिसत नाही ते दिसू लागते, हे त्याला त्या वयातच उमगले.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे वैद्यकीला नाव घातले, पण मन रमले नाही. ते मध्येच सोडून फ्रिश प्राणिशास्त्राकडे वळले आणि म्यूनिकला रिचर्ड हेर्टविग यांच्या हाताखाली शिकले. १९१० साली डॉक्टरेट मिळाली. विषय होता माशांच्या अंगाचे बदलणारे रंग. ते काम करताना त्यांना पटले, की माशांना रंग दिसतात. झाले, इथेच भांडण लागले. म्यूनिकच्या नेत्र रुग्णालयाचे प्रमुख कार्ल फॉन हेस हे त्या क्षेत्रातले बडे प्रस्थ. मासे आणि सगळे बिनकण्याचे प्राणी रंगांधळे असतात, असा त्यांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हते. हेस यांचे बरोबर असेल तर फुलांनी इतके रंग उधळायचे कोणासाठी, असा प्रश्न या पंचविशीतल्या पोराला पडला. मग त्याने तो थेट माशीलाच विचारायचे ठरवले.

या प्रयोगाला खर्च जवळजवळ नाही. एका टेबलावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडी रंगाच्या सगळ्या छटांचे पुठ्ठ्याचे चौकोन मांडले. त्यांच्यामध्ये एकच निळा. प्रत्येक चौकोनावर काचेची एक बशी, पण साखरेचे पाणी फक्त निळ्यावरच्या बशीत. निळ्याची जागा सारखी बदलायची, म्हणजे माश्यांनी जागा पाठ करून उपयोग नाही. माश्या सरावल्यावर सगळे पुठ्ठे नवे आणि सगळ्या बश्या कोऱ्या रिकाम्या ठेवल्या, म्हणजे वासाचाही आधार नाही. माशी रंगांधळी असती तर तो निळा तिला कुठल्या ना कुठल्या राखाडीसारखा दिसला असता आणि ती गोंधळली असती. पण माश्या येऊन बसल्या त्या निळ्यावरच. तोच प्रयोग लाल रंगाने केला तेव्हा मात्र त्या फसल्या. लाल त्यांना काळ्यासारखाच वाटतो. हेस यांचे चुकले होते, पण माशीचे जग अगदी आपल्यासारखेही नव्हते. १९१४ साली फ्रिश यांनी प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत हे प्रात्यक्षिक करून दाखवले. हेस शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते.

मला यात भावते ती प्रश्न मांडण्याची रीत. जनावराला बोलता येत नाही ही त्याची उणीव नव्हे. त्याला हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न आपल्याला सुचत नाही, ही आपली उणीव. फ्रिश आयुष्यभर असेच प्रश्न शोधत राहिले. मासे बहिरे असतात असे बहुतेक पंडित म्हणत, तेव्हा त्यांनी एक आंधळा केलेला छोटा कॅटफिश पाळला. शिटी वाजवायची आणि खाऊ द्यायचा, असे काही दिवस केले. मग नुसती शिटी वाजली तरी तो आपल्या नळीतून बाहेर येऊ लागला. १९२३ साली या माशावर त्यांनी एक निबंधच प्रसिद्ध केला. त्याला डोळे गमवावे लागले, हे मात्र आज वाचताना टोचते.

पहिल्या महायुद्धात अधू दृष्टीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. भावाच्या रुग्णालयात त्यांनी जंतूंच्या तपासणीचे काम केले. तिथेच मार्गारेट मोर नावाच्या परिचारिकेशी ओळख झाली आणि १९१७ साली लग्न. युद्ध संपले आणि १९१९ च्या वसंतात त्यांच्या आयुष्यातला मोठा क्षण आला.

मधपाळांना एक गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. एका माशीला बशीतला मध सापडला की थोड्याच वेळात तिच्या पोळ्यातल्या अनेकजणी तिथे हजर होतात. ही बातमी पोहोचते कशी? फ्रिश यांनी एकाच पोळ्याची, दोन्ही बाजूंनी काच असलेली पेटी घेतली. बशीवर आलेल्या माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला आणि ती घरी जाऊन काय करते ते पाहत बसले. ती पोळ्यावर गोल गोल फिरू लागली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. भोवतालच्या माश्या उत्तेजित होऊन तिच्या पाठीमागे स्पर्शिका लावून धावू लागल्या आणि थोड्या वेळाने बाहेर पडल्या. हा गोल नाच. फुलांवरून पराग घेऊन आलेल्या माश्यांचा नाच मात्र वेगळा दिसला. त्या पोट थरथरवत एका सरळ रेषेत जात, अर्धवर्तुळ घेऊन परत येत, पुन्हा तीच सरळ रेषा आणि मग दुसऱ्या बाजूने अर्धवर्तुळ. मराठी आठाच्या नव्हे, इंग्रजी आठाच्या आकड्याचा हा थरथर नाच. त्यावरून १९२३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: गोल नाच म्हणजे मकरंद सापडला, थरथर नाच म्हणजे पराग सापडला. माश्यांच्या भाषेत दोन शब्द आहेत.

निष्कर्ष सुबक होता, लोकांना आवडला आणि पाठ्यपुस्तकांत गेला. आणि तो चूक होता.

चूक कशी झाली ते पाहण्यासारखे आहे, कारण ती आळशी माणसाची चूक नव्हती. साखरपाण्याची बशी फ्रिश आपल्या सोयीसाठी पेटीच्या जवळ ठेवत. पराग आणणाऱ्या माश्या मात्र दूरच्या खऱ्याखुऱ्या फुलांवरून येत. फरक खाण्याचा नव्हताच, फरक अंतराचा होता. बशी जवळ ठेवली त्यांनीच, आणि त्याचा परिणाम दिसला तेव्हा तो माशीच्या खात्यावर मांडला गेला. माझ्या तपासणीतही हेच झाले होते. पावसाळ्यात पेट्यांची काय अवस्था होते हे न जाणता मी पावसाळा संपता संपता तिथे गेलो आणि जे दिसले ते माणसाच्या नावे टाकले.

पुढची वीस वर्षे ही नोंद तशीच राहिली. फ्रिश रोस्टॉक आणि ब्रेस्लाऊ इथे प्राध्यापकी करून १९२५ साली म्यूनिकला आपल्या गुरूच्या जागी आले. अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९३२ साली प्राणिशास्त्राची नवी संस्था उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला.

फ्रिश यांची आजी, आईची आई, प्रागच्या ज्यू घराण्यातली; पुढे ती कॅथलिक झालेली. सरकारी नोकरांना वंशाचे दाखले द्यावे लागू लागले तेव्हा ही गोष्ट वर आली. विद्यापीठातल्या नाझी मंडळींना हे प्राध्यापक आधीच खुपत होते. ज्यू सहकाऱ्यांना त्यांनी जमेल तोवर संस्थेत ठेवून घेतले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना कळवण्यात आले, की ते पाव ज्यू ठरले असून नोकरीतून त्यांना जावे लागेल.

इथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १९३६ साली फ्रिश यांनी सामान्य वाचकांसाठी जीवशास्त्राचे एक पुस्तक लिहिले होते. त्याच्या अखेरीला वंशशुद्धीच्या, राजवटीला रुचतील अशा विचारांना पाठिंबा देणारी पाने आहेत. माणसांना जन्मावरून मोजणारी जी फूटपट्टी त्या पानांत त्यांनी मान्य केली, तिच्याच जातीच्या फूटपट्टीने पाच वर्षांनी त्यांना मोजले. चरित्र लिहिणाऱ्याने ही पाने चिकटवून टाकू नयेत. माशीच्या बाबतीत इतका सावध असलेला माणूस माणसांच्या बाबतीत किती सहज वाहून जातो, हे त्यांत दिसते.

त्यांना वाचवले ते माश्यांनीच, आणि तेही मरून. नोसेमा नावाचा आतड्याचा रोग त्या वर्षांत जर्मनीतल्या मधमाश्यांत पसरला आणि लाखो वसाहती नष्ट झाल्या. माश्या नाहीत तर फळे नाहीत, कित्येक पिकांचे बी नाही. आणि देश युद्धात. मित्रांनी खटपट केली. रोगावर संशोधन करण्यासाठी हा माणूस हवाच, असे अन्न खात्याला पटले आणि बडतर्फी युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलली गेली. नको असलेला माणूस गरजेपुरता ठेवून घ्यायचा, हा सरकारी हिशेब. फ्रिश यांनी तो स्वीकारला आणि कामाला लागले. नोसेमावर हुकमी तोड काही सापडली नाही. पण त्या निमित्ताने, माश्यांना विशिष्ट वासाची सवय लावून हव्या त्या पिकाकडे वळवता येते का, याचेही प्रयोग सुरू झाले.

१९४४ च्या जुलैत म्यूनिकवर बॉम्ब पडले. फ्रिश यांचे घर जमीनदोस्त झाले, संस्थेचीही मोडतोड झाली. ते सहकाऱ्यांसह ब्रुनविंकलला, लहानपणच्या त्या पाणचक्कीकडे आले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बश्या मांडल्या. या वेळी साखरपाण्याची जागा पेटीपासून बरीच दूर होती. त्याच वासाच्या आणखी बश्या त्यांनी जवळ आणि दूर ठेवल्या. नव्या माश्या आधी जवळपास शोधतील अशी अपेक्षा. पण जवळच्या बशीकडे फारशा कोणी फिरकल्या नाहीत आणि दूरच्या बशीवर गर्दी झाली. म्हणजे किती लांब जायचे ते त्यांना घरातच कळले होते. मग फ्रिश यांनी काचेच्या पेटीत पाहिले. दूरवरून साखरपाणी घेऊन आलेल्या माश्या थरथर नाच करत होत्या, जो त्यांच्या मते केवळ परागाचा नाच होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षात चालणाऱ्या, घर गमावलेल्या, नोकरी टांगणीला लागलेल्या माणसासमोर हे दृश्य होते. माश्या बिघडल्या असे म्हणता आले असते. वासाने घोळ केला असे म्हणता आले असते. जुन्या निष्कर्षाला एखादा अपवाद जोडून तो टिकवता आला असता. वीस वर्षांत तो त्यांच्या नावाशी जोडला गेला होता. त्यांनी तसे केले नाही. प्रयोग पुन्हा केले आणि आपले आधीचे म्हणणे चुकीचे होते असे स्वतःच्या सहीने छापले. जुना आकडा वाचता येतो, त्यावर रेघ आहे, वर नवा आकडा आहे.

नवा आकडा जुन्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. खाणे जवळ असेल तर गोल नाच, दूर असेल तर थरथर नाच. अंतर जसे वाढते तशी नाचाची लय मंदावते. १०० मीटरवर खाणे असेल तर माशी १५ सेकंदांत ती सरळ रेषा नऊ-दहा वेळा कापते, ६ किलोमीटरवर असेल तर दोनच वेळा. १९४५ च्या उन्हाळ्यात दिशेचेही कोडे सुटले. पोळे उभे, पेटीत अंधार, सूर्य दिसत नाही. तेव्हा माशी वरची दिशा हीच सूर्याची दिशा मानते. सरळ रेषा नाचत वर गेली तर सूर्याच्या रोखाने जा. खाली आली तर सूर्याकडे पाठ करून जा. उभ्या रेषेच्या ६० अंश डावीकडे गेली तर सूर्याच्या ६० अंश डावीकडे. सूर्य सरकतो तसा नाचही सरकतो. आकाश ढगाळ असले आणि निळा तुकडा तेवढा दिसत असला, तरी त्यातल्या ध्रुवित प्रकाशावरून तिला सूर्य कुठे आहे ते कळते, हेही त्यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवले.

युरोपातल्या या शोधाचा एक धागा आपल्याकडे येतो. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५० च्या दशकात श्रीलंकेत आले आणि त्यांनी आपल्याकडे आढळणाऱ्या माश्या पाहिल्या. आपल्या कुंपणावर, झुडपाच्या फांदीवर एकच छोटे पोळे बांधते ती फुलोरी माशी उघड्यावर राहते. पोळ्याच्या माथ्यावरच्या सपाट जागेवर ती सूर्य पाहत नाचते आणि तिची सरळ रेषा थेट खाण्याकडे रोखलेली असते. सूर्याचे वर मध्ये भाषांतर करण्याची तिला गरजच नाही. भाषेचे हे जुने, साधे रूप असावे, असे अभ्यासक मानतात. माझ्या अंगणातल्या मेंदीवर असे पोळे दोनदा लागले होते. पहिल्या वेळी मी ते जाळायला निघालो होतो.

फ्रिश यांच्या शोधावरही शंका घेतली गेली, आणि ते योग्यच झाले. १९६७ पासून अमेरिकेत एड्रियन वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने मांडले, की नाच असेल, पण माश्या जातात त्या वासावर. वाद वर्षानुवर्षे चालला. १९७३ साली कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांच्याबरोबर फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही तो मिटला नव्हता. १२ जून १९८२ रोजी म्यूनिकमध्ये त्यांचे निधन झाले. २००५ साली इंग्लंडमध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक अँटेना चिकटवून रडारने त्यांचा माग घेतला गेला. नाच पाहून निघालेल्या माश्या सांगितलेल्या दिशेने, सांगितलेल्या अंतरापर्यंत उडत गेल्या. नेमके ठिकाण मात्र शेवटी वासाने आणि नजरेने शोधावे लागते. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे होते.

२०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. ती बातमी वाचली आणि मला माझी दहा पेट्यांची नोंद आठवली. पुढच्या मार्चमध्ये मी त्या कर्जदाराच्या गावी गेलो. तो आहे, सत्तरी ओलांडलेला. मला त्याने ओळखले नाही. मी कोण ते सांगितले, माझा शेरा चुकीचा होता हेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की नोटिशीचे त्याला फारसे काही वाटले नव्हते, म्हशीचे वाटले. आणि उरलेल्या दोन पेट्या साहेबांनी उघडून पाहिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याच्या बायकोच्या मनात अनेक वर्षे होते. ती आता नाही.

त्याच्याकडे आज चार पेट्या आहेत. जांभूळ फुलला होता. त्याने थोडा धूर दिला, एक चौकट उचलून सावलीत धरली आणि मला जवळ बोलावले. माश्यांच्या गर्दीत एक माशी थरथरत सरळ वर जात होती, वळून परत येत होती, पुन्हा जात होती. फ्रिश हे नाव त्याने ऐकलेले नाही. अशी थरथर दिसली की लांब कुठेतरी फुलोरा आहे आणि त्या वेळी पेटीला हात लावायचा नसतो, एवढे त्याला वडिलांकडून ठाऊक आहे. ही चौकट त्याने फक्त मला दाखवण्यासाठी काढली होती. पाहून झाल्यावर लगेच परत ठेवली.

त्या शाखेत मी नंतर चौकशी केली. इतके जुने अहवाल नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालेले आहेत. रेघ मारायला तिथे आता कागद उरलेला नाही, म्हणून ती इथे मारतो आहे. सन १९८९, मधपेट्या दहा, पैकी आठ रिकाम्या, दोन न तपासलेल्या. विनियोग योग्य होता.